पाण्याकाठचा पांढरा दगड

१७ ऑक्टोबर

पाणी मांड्यांपर्यंत, दोरी हातात, आणि लेक मागून ओरडतेय — "बाबा, डावीकडून नको!" मी डावीकडूनच गेलो. तीस वर्षं या दरीत माणसं आणतोय, नदी डावीकडूनच ओलांडतोय. पलीकडे पोचलो! सॅक कोरडी. ती उजवीकडून आली, पाचही जणांना घेऊन. पाणी कुणाच्याच गुडघ्यावर गेलं नाही. असो.

ठरलंय ते असं: या वेळी लीडर ती, मी नुसता चालणारा. सगळ्यांना तिनं नीट वर आणलं, तर पुढच्या वर्षीपासून सगळे ग्रुप तिचे. नाही तर अजून एक वर्ष मी. लीडरची शिट्टी तोवर माझ्या गळ्यात.

ग्रुपमधले दातांचे डॉक्टर म्हणाले, "सर, परीक्षा तिची की तुमची?" हसलो. वय त्रेसष्ट, पाठीवर चौदा किलो. कुणाला हात लावू दिला नाही.

१८ ऑक्टोबर

डावा गुडघा दुखतो. इथे लिहिलं तेवढं पुरे.

१९ ऑक्टोबर, दुपार

तळाला पोचलो. दोन दिवसांत बाहेरचं माणूस दिसलेलं नाही. दोन्हीकडे कडे, मधे नदी, काठाला माझी नेहमीची वाळू. तंबू लागले. पानगळीनं कडे पिवळेधमक. नदीवरून मात्र हिरवी पानं चालली होती, डहाळ्यांसकट. छान दिसत होती. बघत बसलो.

मग माझं ठरलेलं काम — पाण्याच्या कडेला पांढरा दगड ठेवला. पाणी दगडावर चढलं की उठायचं, उतरलं की निवांत झोपायचं. तासाभरात वीतभर उतरलं. या दगडानं मला एकदाही फसवलेलं नाही.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ

तंबू काढायला लावले तिनं! सगळे!

"पाणी उतरतंय," मी म्हणालो. दगड दाखवला.

"म्हणूनच. वर कुठेतरी अडलंय. सुटलं की एकदम येणार."

"आभाळ बघ जरा. ढग आहे का एक तरी?"

"हे इथलं आभाळ. बाबा, या दिवसांत हिरवी पानं कशी गळतील? वर वादळानं झाडं मोडलीत."

"मी तीस वर्षं इथे —"

"लीडर कोण आहे?"

सगळे बघायला लागले. डॉक्टर पुटपुटले, "माझे पेशंट तोंडात ड्रिल असतानाही एवढं निमूट ऐकून घेत नाहीत." मग माझा तंबू उचलायला वाकले. म्हटलं, ठेवा, मी नेतो. नेला. त्या चढावर गुडघ्यानं जीव काढला, पण नेला.

आता इथे, कड्याच्या कपारीत, दगडधोंड्यांवर सातजण. धड पाठ टेकत नाही. उद्या खाली वाळूवर बसून चहा पिणार आहे, सगळ्यांदेखत. शिट्टी अजून एक वर्ष माझीच.

२० ऑक्टोबर

सकाळी पाहिलं. वाळू नाही. दगड नाही. तंबू होते तिथे पुरुषभर गढूळ पाणी.

तिनं चहाचा मग हातात दिला. मी शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली.

सव्वासातला तिनं ती वाजवली. ती सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या मागे. निघण्याआधी गुडघ्याचं सांगितलं. तंबू डॉक्टरांनी घेतला.