भिंतीवर दिसली माझी भीती

पुणे, संक्रांतीचा दुसरा दिवस

गोजर गो,

थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. धसईला तुमी सगळी बरी ना? भूमिका, सासूला मोठ्यानं वाचून दाखव गो.

काल नात मनस्वी मला तिच्या हापिसात घेऊन गेली. काय तिचं काम! दवाखाना सुधारायचा तर आजारी माणसाला घरून निघाल्यापासून कुठं काय वाटलं, ते विचारून ही हापिसातली पोरं भिंतीवर त्याच्या वाटेचं चित्र काढतात. मी माझ्या मोतीबिंदूची गोष्ट सांगितली. एवढी शिकलेली पोरं, माझा शब्दन्शब्द लिहून घेत होती!

बरं वाटलं तिथं रेघ वर, भ्याले तिथं खाली. मी म्हटलं, "ऑपरेशनला खाली घे."

मनस्वी म्हणाली, "नाय गो आजे, तिथं तर डॉक्टरशी गप्पा मारल्यास. रडलीस ती बाहेरच्या बाकड्यावर, एकटी. तूच आत्ता सांगितलंस."

खरंच गो! माझी भीती मलाच ठाऊक नव्हती, ती भिंतीवर दिसली.

तूपण मागं ऑपरेशन न करताच त्याच बाकड्यावरून उठून घरी गेलीस ना? आता दुसराही डोळा अंधुक झालाय म्हणे. रागवत नाय मी. तू ऑपरेशनची तारीख घे, म्हसा गावच्या जत्रेआधी मी येते. बाकड्यावर दोघी बसू. तुला आत नेईस्तोवर हात सोडणार नाय.

तुझीच,
भागीबाय