फिरती ढाल आणि सातव्या मिनिटाची घंटा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, वक्तृत्वकलेचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायकोला तो पटलेला नाही. माझे हे पहिलेच लिखाण, जे मी कोणाला मोठ्याने वाचून दाखवलेले नाही.

१. राहते घर सामानासह बायकोला. शिवाय घरातली शांतता. तीही तिच्या हक्काची होती, पण माझ्या हयातीत तिला ताबा मिळाला नाही.

२. बँकेतील ठेवी मुलीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

३. सव्वीस करंडक भंगारवाल्याला. तो नको म्हणाला तर गळ घालू नये.

४. "आवाज भरपूर, विचार शोधावा लागतो" असा शेरा मारून मला तिसऱ्या क्रमांकावर ढकलणाऱ्या परीक्षकांना मी क्षमा करीत नाही. ते वारले आहेत, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते, तरीही नाही.

५. विद्यापीठाची फिरती ढाल. विजेत्याने आपल्या नावाची पट्टी ठोकून ती वर्षभर ठेवायची व परत करायची, असा रिवाज. मी जिंकलो आणि पुढच्या वर्षी स्पर्धाच बंद पडली. कोणी मागितली नाही, मीही विषय काढला नाही. फिरती ढाल पन्नास वर्षे माझ्याच भिंतीवर बसून आहे.

आता खरे लिहितो. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मित्र, जो पुढे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा झाला, बोलताना अडखळतो. मी जिंकलो त्याच्या आदल्या वर्षी तो स्पर्धेत उभा राहिला होता. घंटा वाजवायचे काम माझ्याकडे होते: सहाव्या मिनिटाला इशारा, सातव्याला शेवट. सात मिनिटांत तो जेमतेम दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचला. सभागृहात कोणी हसत नव्हते. सगळे कान देऊन ऐकत होते. मी नियमाप्रमाणे घंटा वाजवली. त्याने कागदाची घडी घातली आणि तो खाली उतरला. पुन्हा कधी व्यासपीठावर चढला नाही.

पुढच्या वर्षी मी त्याच्याकडे तेच भाषण मागितले.

"घे की," तो म्हणाला, "मला ते सात मि-मिनिटांत बसत नाही."

मी ते साडेसहा मिनिटांत म्हटले आणि ढाल आणली. तेव्हापासून घरच्या प्रत्येक जेवणावळीत मी ढालीची गोष्ट सांगत आलो, आणि तो मान खाली घालून जेवत आला. बहीण एकदाच म्हणाली, "दादा, गोष्ट छान रंगवतोस. पण भाषणात काय होतं, ते कधी सांगत नाहीस."

मी पाणी मागितले. जन्मभर बोलण्यावर पोट भरले, पण 'भाषण त्याचे होते' एवढे एक वाक्य तोंडातून निघाले नाही. मला या गोष्टीची लाज वाटते.

सबब माझ्या नावाची पट्टी उचकटून मेव्हण्याच्या नावाची ठोकावी व ढाल त्याच्या घरी पोचवावी.

६. शोकसभेत माझ्या विद्यार्थ्यांनी बोलू नये. मीच शिकवले आहे, किती लांबेल ते मला ठाऊक आहे. फक्त मेव्हण्याने, त्याची इच्छा असल्यास, ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणावे. त्याच्या अक्षरातला कागद ढालीच्या मागे चिकटवला आहे. सभागृह दिवसभरासाठी घ्यावे.

७. ती घंटा टेबलाच्या खणात आहे. तिचा लोलक मी आज काढून टाकला.

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर. २. शेजारचे शिंपी, यांनी वाचायला मागितले, दिले नाही.

सही: प्राध्यापक (ढाल परत करणारा)
ठिकाण: घरी, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ जून