साडू बहिर्मुख आहे

३ जून
ऑफिसात ‘व्यक्तिमत्त्व’ या विषयावर ट्रेनिंग. लिफ्टच्या तक्रारींचे फोन घेणाऱ्यांना ते कशाला, साहेबच जाणोत. बाई म्हणाल्या, काही माणसं बहिर्मुख असतात, काही अंतर्मुख, दोन्ही चांगलीच. बहिर्मुख म्हटल्यावर साडू आठवला. म्हणजे बडबड्या. आता शास्त्राचाच शिक्का बसला.

४ जून
आज ‘प्रोजेक्शन’. माणूस स्वतःतली खोट दुसऱ्याच्या माथी मारतो. साडूत हे ठासून भरलेलं असणार. पण त्याच्या तोंडून कुणाबद्दल वाईट शब्द ऐकलेला नाही. किती खोल दडपलं असेल!

८ जून, रविवार
सासुरवाडीला जेवण. साडूनं स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. सासूबाई म्हणाल्या, गुणी हो गुणी! नळ गळतोय हे मागच्या खेपेला मीच सांगितलं होतं. ते कुणाच्या लक्षात नाही. त्याच्या जोकवर बायको डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.
संकल्प: महिन्याभरात बहिर्मुख व्हायचं.

११ जून
लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांना “काय मग?” म्हणालो. ते मधल्याच मजल्यावर उतरले. लाजाळू असावेत.

१५ जून, रविवार
जेवताना जोक सांगितला. शेवट जरा आधी सांगून झाला. एकटा साडू हसला, तेही मनापासून. हे मी विसरणार नाही.

२० जून
सोमवारी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ट्रेनिंगच्या बाईंच्या मते जबाबदारपणा हाही स्वभावाचा मोठा पैलू. इथे साडूला मागे टाकणार. सासूबाईंना फोन केला, “मी आहे ना! बाकी कुणी यायची गरज नाही.” त्या थोडं थांबून “बरं” म्हणाल्या. गळा दाटून आला असावा.

२३ जून
ऑपरेशन उत्तम झालं. माझं जरा बिनसलं. ड्रॉप कसे घालायचे ते दाखवायला नर्सनं सासऱ्यांच्या डोळ्यावरची पट्टी उचलली, एवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तर साडू तोंडावर पाणी मारतोय. सासऱ्यांनीच सकाळी फोन करून त्याला बोलावून ठेवलं होतं म्हणे. जिना उतरताना सासऱ्यांनी माझा दंड धरला होता. बघणाऱ्यांना वाटलं असेल, मीच त्यांना नेतोय. गाडीत ते साडूला म्हणाले, “हळू घे रे, मागे पेशंट आहे.”

२४ जून
बायकोपुढे मन मोकळं केलं. साडूचं नाटकी वागणं, त्याचं ते हसणं, त्याचा तो नळ, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल कधी इतकं बोललास का रे?”
हसून म्हणाली असती तर बरं झालं असतं.
काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. साडूला सुचलं असतं.