साईट म्हणजे चार अक्षरं

गोडदेव, भाईंदर पूर्व
मंगळवार

प्रिय सुभाषराव,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले. आता सगळं लख्ख दिसतंय, आणि जे दिसतंय ते तुमच्यामुळे बघावं लागतंय. तुमच्याकडे वरसाव्याला येऊन समोरासमोर भांडलो असतो, पण डॉक्टरांनी धुळीत जायला बंदी केली आहे आणि घोडबंदर रोडवर धुळीशिवाय दुसरं आहे काय? फोन करावा तर घरात मोबाईल एकच, तोही तुमच्या बहिणीच्या ताब्यात. म्हणून हे पत्र.

भाऊबीजेला तुम्ही शेवंतीला साडी दिलीत ते ठीक. पण तिच्या मोबाईलमध्ये तो पाच अक्षरी इंग्रजी शब्दांचा खेळ घालून द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? (शाळेने इंग्रजीच्या मास्तरकीतून निवृत्त केलं, तर तुम्ही बहिणीला धरलंत.) रोज एक शब्द, ओळखायला सहा संधी. अक्षर बरोबर जागेवर पडलं तर हिरवं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं, नसलंच तर काळं. मला हे पाठ झालंय, कारण सकाळी सहाचा माझा चहा आता शब्द सुटल्यावर येतो. शब्द सोपा असला तर साडेसहा, अवघड असला तर पावणेआठ. कपाची वाट बघत मी पेपरातल्या निधनवार्तासुद्धा दोनदा वाचतो.

चहा लवकर मिळावा म्हणून मी मदत करून पाहिली. ती म्हणाली, पाच अक्षरी इंग्रजी शब्द सांगा. मी बोटांवर मोजून सांगितलं, अपार्टमेंट. अ, पा, र्ट, में, ट. पाचच होतात की नाही? ती म्हणाली, इंग्रजीत नऊ. नंतर दिवसभर ती मधूनमधून हसत होती. तिला इंग्रजीवरून कोणाला हसताना मी एकेचाळीस वर्षांत प्रथमच पाहिलं.

आता जरा विषयांतर करतो, पण ते पुढे लागणार आहे. आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत होतेय आणि आम्ही समोरच भाड्याने राहतोय हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशन होईपर्यंत मी रोज खुर्ची घेऊन साईटवर बसायचो. गेटवर मोठी पाटी आहे, तिच्यावर साईटचं इंग्रजी स्पेलिंग ठळक लिहिलंय, एस, आय, टी, ई. पट्टी सोडल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काका, आता साईट कशी आहे?" मी म्हटलं, "प्लिंथ झाली, पुढच्या महिन्यात पहिला स्लॅब." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख लवकरची दिली. माणूस चौकशी करतो म्हणून मला बरं वाटलं होतं.

तर शनिवारी सकाळी शेवंतीने पहिला शब्द टाकला वॉटर. (रोज हाच टाकते. भाईंदरमध्ये राहणाऱ्या बाईला सकाळी दुसरा कुठला शब्द सुचणार?) दुसरा टाकला लाईट. त्यातली शेवटची चारही अक्षरं हिरवी झाली, फक्त पहिलं चुकलं. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि ती मोबाईल ओट्यावर ठेवून बादल्या लावायला धावली. चार संधी उरल्या होत्या, चहा नव्हता, आणि माझा नवा डोळा लख्ख होता. मी टाकलं नाईट. काळं. राईट. काळं. मग फाईट, कारण तोवर मी भांडणाच्याच मूडमध्ये आलो होतो. तेही काळं. एकच संधी राहिली. शेजारच्या भूपेशला गॅलरीतून विचारलं, तर तो ब्रश करता करता म्हणाला, "अंकल, टाईट डालो, टाईट." माझ्या मनात साईट आलं होतं, अगदी देवाशपथ. पण साईटची अक्षरं चारच, पाटी रोज वाचलेली. टाईट टाकलं. खेळ संपला आणि वर उत्तर आलं: एस, आय, जी, एच, टी. म्हणजे दृष्टी. डॉक्टर जिची चौकशी करत होते ती.

शेवंती पदराला हात पुसत आली. खाली सलग जिंकलेल्या दिवसांच्या जागी मोठा शून्य आला होता. आदल्या दिवशी तिचे सलग दोनशे अकरा दिवस झाले होते. तुमचा उच्चांकही दोनशे अकरा. शनिवारी ती तुमच्या पुढे जाणार होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाईल पालथा ठेवला, चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि तेव्हापासून बोललेली नाही. सुभाषराव, तुमच्या आईच्या आजारपणात नववीतून शाळा कोणाची सुटली ते तुम्हीही विसरला नसाल. ती भाकऱ्या थापायला बसली आणि तुम्ही मास्तर झालात. दोनशे बारावा दिवस तिचा होता आणि तो मी चहासाठी घालवला. मला फार वाईट वाटतंय. तेव्हा कृपा करून या, आणि हा खेळ आमच्या घरातून घेऊन जा.

आपला,
आत्माराम

ता. क. खेळ नेऊ नका, माझं डोकं फिरलं होतं. खरं काम वेगळंच आहे. तिला फोन करून एवढंच सांगा की मोजण्यात तुमची चूक झाली, तुमचे सलग दिवस दोनशे दहाच होते. म्हणजे ती आधीच जिंकलेली ठरते. तुमचं त्यात काय जातं?

ता. क. २. तिकीट शोधायला गेलो तेवढ्यात शेवंतीने पत्र वाचलं. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली, तेही एवढंच: "त्याला खोटं बोलाया लावू नका. दोनशे अकरा हाय तर दोनशे अकराच हाय. मी पहिल्यापासून मोजते." रविवारपासून तिने पुन्हा सुरुवात केली आहे. आज तीन झाले. तेव्हा वरची ता. क. रद्द समजावी.

ता. क. ३. तिचे दोनशे बारा होईपर्यंत सकाळचा चहा मी करायचा असं ठरवलंय. आज केला. तिने एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. तेव्हा लक्षात आलं की ती किती साखर घेते, आलं चालतं की नाही, मला काहीच माहीत नाही. एकेचाळीस वर्षं मी फक्त माझा कप पाहिला. विचारावं तर ती पुन्हा गप्प आहे. तुम्हाला लहानपणचं आठवत असेल तर परतीच्या टपालाने कळवा. नक्की असेल तेच लिहा, कारण मला काही सहा संधी मिळणार नाहीत.