बर्फाच्या वाटेवरचा रिपोर्ट

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि मी काय काम करतो ते तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. इथे अमेरिकेत, शॉमबर्ग गावातल्या ऑफिसात बसून मी जहाजांचे मार्ग आखतो. उन्हाळ्यात बर्फ वितळला की कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून एक वाट उघडते. कॅनडा म्हणतं, हे आमच्या घरातलं पाणी आहे, शिरण्याआधी कळवा. अमेरिका म्हणते, हा सगळ्या जगाचा रस्ता, परवानगी कसली? एरवी दोघं शेजारी, मित्र. तुम्ही मोजणी खात्यात होतात तेव्हा असेच सख्खे भाऊ बांधावरून भांडत आपल्या स्वयंपाकघरापर्यंत यायचे. एकदा अशाच दोघांसमोर मी जेवताजेवता बोलून गेलो, "बांधावरची चिंच धाकट्या काकांच्या बाजूला आहे." ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मोजणी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तुझ्या एका शब्दावर कुऱ्हाडी निघतील." तेव्हापासून मी गप्प राहायला शिकलो.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या क्लायंटचं अमेरिकन जहाज न कळवताच त्या वाटेत शिरलं. दुपारी कॅप्टनचा फोन येतो. बर्फ दोन्ही बाजूंनी दाबतोय, जहाज हलत नाही, वर एकोणीस माणसं. "मालकांनी आम्हाला कॅनडाला परस्पर कळवायला मनाई केलीय," तो म्हणतो, "तुम्ही तरी काही करा." कॅनडाचं बर्फ फोडणारं जहाज चार तासांवर आहे, पण त्यांना याचा पत्ताच नाही. मी कॅनडाच्या तटरक्षकांना पाठवायचा रिपोर्ट लिहायला घेतो. माझा मूळचा नागपूरचा मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभा राहतो.

"होल्ड कर यार. क्लायंटचे वकील म्हणतात, रिपोर्ट दिला की पाणी कॅनडाचं हे मान्य केल्यासारखं होतं."

"आणि जहाजाचा तळ फाटला तर?"

"तासाभरात वकिलांशी कॉल आहे. तोवर थांब."

तो मीटिंग रूमकडे वळला आणि मी रिपोर्ट पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत मदत पोचली, वाट फुटली, एकोणीसही जण सुखरूप निघाले.

दुसऱ्या दिवशी क्लायंट भडकला. मॅनेजरने विचारलं, "तू पाठवलास?"

"नाही. ऑटो-सेंड सुरू राहिलं होतं, आपोआप गेला."

खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती, तिच्याबरोबर व्हिसा, मुलीची शाळा. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे, तसंच लिहितो."

घरीही मी ऑटो-सेंडचंच सांगितलंय. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं. तुम्ही असता, तर रविवारी फोनवर मी म्हणालो असतो, "ऑफिसात सगळं ठीक आहे, बाबा."