कन्या मयत

३ डिसेंबर

पोचले एकदाची! एकोणीस तासांचा प्रवास आणि सबंध वेळ अण्णा मांडीवर. लहानपणी कधी मी त्यांच्या मांडीवर बसल्याचं आठवत नाही. समोरची बाई कलशाच्या फडक्याकडे बघून म्हणाली, "डब्यात काय, खाऊ का?" म्हटलं, "नाही, वडील." तिनं आपला डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

लॉजवर खोली मिळाली. एक खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्या लॉजची भिंत. लॉजवाला म्हणतो, "नदी दिसते हो, जरा मान वाकडी केली की." केली. नदी दिसली नाही, मान मात्र धरली.

दादा आला नाही. गुडघे दुखतात म्हणे! गेल्या वर्षी मेहुण्याच्या लग्नात हेच गुडघे नाचत होते. "तूच जा, तुला काय, तू मोकळी." मोकळी! नऊ वर्षं अण्णांचं अंग पुसलं, भरवलं, कूस बदलली. जेवणाच्या सुट्टीत कचेरीतून धावत घरी, पुन्हा धावत कचेरीत. वहिनी रविवारी यायची, दारातूनच "कसे आहेत?" विचारून जायची.

४ डिसेंबर

घाटावर जाऊन आले. प्रत्येक पायरीवर कुणीतरी मोक्ष घेऊन बसलंय. एक म्हणतो, माझ्या नावेतून चला, पुण्य जास्त. दुसरा म्हणतो, त्याची नाव गळते. पायऱ्या निसरड्या, लोक ढकलतात, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. फुलवाली आपण होऊन बाजूला झाली.

उद्या गुरुजींकडे. आमच्या घराण्याची वही त्यांच्याकडे असते. पणजोबांपासून जो कोणी इथं आला त्याचं नाव, तारीख, काय विधी केला, सगळं तिच्यात. इथं कोण वाचतंय, लिहूनच टाकते — मला त्या वहीत नाव हवंय. यांना हिनं आणलं, एवढंच. अण्णा नऊ वर्षांत एकदाही "बरं केलंस पोरी" म्हणाले नाहीत. अर्धांग झालं तरी जीभ शाबूत होती त्यांची. चहा पाणचट झाला की बरोबर चालायची.

५ डिसेंबर

गुरुजी बाहेरगावी. उद्या या म्हणे. नदीत पाय बुडवले. पापं गेली का ते कळायला मार्ग नाही, टाचांच्या भेगा मात्र झोंबल्या.

६ डिसेंबर

 जसं घडलं तसं लिहिते.

गुरुजींनी लाल कापडातून वही काढली, हातभर लांब. सव्वीस वर्षं कचेरीत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते मी. वही दिसली की हात शिवशिवतातच. अनुक्रमांक नाही, शिक्का नाही, पण अक्षरं सुरेख. पणजोबा. आजोबा. मग अण्णांचं अक्षर, ओळखलं लगेच. "चिरंजीव एक", पुढं दादाचं नाव. त्याखाली — "कन्या एक, मयत. तिचे उत्तरकार्य येथे केले." पुढं माझं नाव! तारीख, मी नवऱ्याचं घर सोडून आले त्याच्या पुढच्या महिन्यातली. शेजारी साक्षीला दादाची सही.

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "ही तुमची बहीण का?"

"नाही. मीच ती."

"अहो, पण..."

"पण काय? मेलेय मी. बावीस वर्षं झाली."

ते "ताई, बसा, जरा थांबा तरी" म्हणत होते. वही त्यांच्या पुढ्यात धाडकन मिटली आणि उठले.

म्हणजे परत आल्यावर घरातली मागची खोली दिली ती मेलेल्या मुलीला! नऊ वर्षं घास भरवले ते कुणाच्या हातचे खाल्ले मग? दारू पिऊन मारणाऱ्याच्या घरात राहिले असते तर वहीत तरी जिवंत असते.

दादाला फोन केला. आधी "कसली वही?" मग, "अगं, लोक काय वाट्टेल ते बोलत होते तेव्हा. रागाच्या भरात केलं त्यांनी. एवढं काय मनावर घेतेस?" माझं क्रियाकर्म उरकून आले दोघं, आणि मी मनावर घ्यायचं नाही!

७ डिसेंबर

केलं.

घाटावर नेलंच नाही त्यांना. बसस्टँडच्या मागं शहराचा नाला नदीत पडतो, तिथं गेले. धुणं धुणारा एक जण ओरडला, "ताई, इथं नाही, घाट तिकडं!" म्हटलं, ठाऊक आहे. कलश उपडा केला. मंत्र नाही, फूल नाही. राख साबणाच्या फेसात जरा अडकली, मग फेसाबरोबर गेली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं! कलशही दिला भिरकावून. आणि नाला नदीलाच तर मिळतो, तक्रारीला जागा नाही.

परत येऊन पोटभर जेवले. कुणी हाक मारणार नव्हतं, त्यामुळे गरम गरम.

८ डिसेंबर

संध्याकाळची गाडी. त्याआधी गुरुजींकडे जाणार. कचेरीच्या नमुन्याप्रमाणे अर्ज लिहिलाय — अर्जदार हयात आहे, सबब चुकीची नोंद रद्द व्हावी. सोबत ओळखपत्राची प्रत. अण्णांच्या शेजारी नाव नको आता मला. पण मयत म्हणून तर मुळीच नको.

८ डिसेंबर, गाडीत

गुरुजींनी अर्ज हातात घेतलाच नाही. "परवा तेच सांगत होतो ताई, तुम्ही थांबला नाहीत." पान उलटलं. मागच्या बाजूला अण्णांचंच अक्षर. दहा वर्षांपूर्वीची तारीख, अर्धांगाच्या आधीची. एकटेच आले होते. "मागील मजकूर मी रागाने लिहिला, तो रद्द. कन्या हयात आहे. माझ्या अस्थी तिच्याच हातून नदीला मिळाव्यात, अन्य कोणाच्या नाही."

घरी सांगायचं होतं ना! तोंडानं! रोज समोर होते मी!

गुरुजींनी चष्मा पुसला, उठून पायांत चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, घाटावर जाऊ. अस्थी कुठं आहेत?"