फटीतला उजेड

४ सप्टेंबर १९६१, एरो बेट, डेन्मार्क
अखेर म्हणाले! एक्केचाळीस वर्षांची घोडी झाले, पण बाबांच्या तोंडून हे आज पहिल्यांदा. माझ्या दोन ओकच्या फळ्या कडेला कड लावून खिडकीसमोर धरल्या, डोळे बारीक केले — "बंद आहे." म्हणजे फटीतून उजेड येत नाही. मग सुतारखान्याच्या भिंतीवरचा लांब रंधा काढून माझ्या हातात दिला. ज्याचा सांधा बंद, त्यालाच तो मिळतो. आमच्या जुन्या कारागिराला, मॉगेन्सला, अजून मिळालेला नाही. मी कॉफी सांडली. वेडी!

५ सप्टेंबर
चैन नाही. उगाच जुन्या फळ्यांवर रंधा मारत बसले. शनिवारी माझ्या त्याच दोन फळ्या सरसाने जोडून चर्चच्या सभागृहाचं टेबल करायचं.

६ सप्टेंबर
मॉगेन्सने आज घाईत सांधा केला. मध्ये चमचा जाईल एवढी फट! बाबांनी खिडकीला धरला आणि म्हणाले, "बंद आहे." मॉगेन्सला वाटलं टोमणा मारला. मुकाट्याने पुन्हा रंधा मारायला लागला. मला मात्र तो टोमणा वाटला नाही.

जेवणाच्या सुट्टीत माझा सांधा मीच खिडकीला धरला. डाव्या टोकाला उजेड — केसाएवढा.

७ सप्टेंबर
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर रंधा परत भिंतीवर, आणि बाबांना कळणार की डोळे गेले. याच डोळ्यांच्या जोरावर जन्मभर सगळ्यांना धारेवर धरलं त्यांनी! न सांगावं तर हिवाळ्यात शेगडी पेटली की लाकूड सुकून टेबल उकलणार. खारवलेला मासा, राईचा पाव, सगळं ताटात तसंच राहिलं.

८ सप्टेंबर
नाही सांगितलं. भित्री.

९ सप्टेंबर
सरस तापला होता. बाबांनी ब्रश मागितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "बाबा, माझ्या सांध्यातून उजेड येतोय."

ब्रशसाठी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. मग म्हणाले, "ईस्टरपासून मला ती खिडकी म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो, बिर्टे. या आठवड्यापासून सगळ्यांना 'बंद' म्हणायला लागलो. म्हटलं, बघू, मला खोटं कोण पाडतं."

मी रंधा परत करायला गेले. त्यांनी घेतला नाही. "मार अजून दोन हात," म्हणाले, "आणि मग मला घरापर्यंत सोड. पायऱ्या दिसत नाहीत."